जर मुतलाय, आता काय लावू?

«नमस्कार डॉक्टर,

मी ३४ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस ताप होता. ताप उतरला आणि खालच्या ओठाच्या उजव्या कडेला जर मुतला. वर्षातून दोन-तीनदा होतंच, पण या वेळी जास्त आहे. पहिल्या दिवशी नुसतं चुरचुरत होतं, मी लक्ष दिलं नाही. पुटकुळ्या आल्यावर टूथपेस्ट लावली. मग घरात खाज-गजकर्णाचं मलम होतं ते लावलं. पुटकुळ्या फुटल्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आज पाचवा दिवस आहे. पिवळट खपली धरली आहे, हसले की चिरते आणि रक्त येतं. नवऱ्याने मोबाईलवर शोधून "हे तर हर्पिस आहे" असं सांगितलं. तेव्हापासून तो काही विचारत नाही आणि मीही काही बोलत नाही. त्यात बहिणीला मुलगी झाली आहे, तीन आठवड्यांची. येत्या रविवारी तिला पहिल्यांदा बघायला जायचं ठरलंय. बहीण म्हणते, एवढ्याशा फोडाचं काय घेऊन बसलीस, ये. जाऊ का? खपली लवकर पडायला काय लावू? आणि तिथे फोटो निघणार, तर वरून लिपस्टिक लावली तर चालेल का?

एक वाचक»

हे वाचतानाही तुमचं बोट नाहीतर जीभ त्या खपलीकडे गेली असेल. ती आधी आवरा. पाच दिवसांत त्या एवढ्याशा जागेवर टूथपेस्ट, मलम आणि स्पिरिट होऊन गेलं. आता मी चौथं काहीतरी जालीम सांगेन अशी तुमची अपेक्षा असणार. पण मला आधी ही तिन्ही बंद करायची आहेत.

जर ठरलेल्या पायऱ्यांनी जातो. आधी काही तास, कधी दिवसभर, नुसती चुरचुर. मग लाली आणि सूज, मग पाण्याने भरलेल्या पुटकुळ्यांचा घोस. एक-दोन दिवसांत त्या फुटतात आणि लस वाहते. सगळ्यात जास्त ठणका तेव्हाच असतो आणि दुसऱ्याला लागण्याचा धोकाही तेव्हाच सगळ्यात जास्त. मग खपली धरते, सुकते, पडते. हे सगळं आवरायला बहुतेकांना ७ ते १० दिवस लागतात, कधी दोन आठवडे. तुम्ही खपलीपर्यंत पोचला आहात, म्हणजे निम्मी वाट सरली. वाईट दिवस मागे पडले, आता उरलाय तो कंटाळ्याचा भाग. जखम चिघळवण्याचे उद्योग लोक नेमके याच दिवसांत करतात.

खपली लवकर पडायला काय लावू, असं तुम्ही विचारलंय. ती लवकर पडावी म्हणून काहीही लावू नका. खपलीच्या खाली, जखमेच्या कडेकडेने नवी कातडी आत सरकत येत असते. ती मध्यावर जुळली की खपली आपण होऊन सुटते. त्याआधी काढलीत, किंवा आंघोळीत भिजली म्हणून हळूच सोलली, तर खाली ओली जखम उघडी पडते आणि त्यावर पुन्हा नवी खपली धरावी लागते. कोपरावरची खपली कडक झाली तरी फारसं बिघडत नाही. ओठ मात्र बोलताना, जेवताना, हसताना सारखा ताणला जातो. त्यावरची खपली वाळून टणक झाली की चिरणारच, आणि प्रत्येक चिरेबरोबर भरत आलेली कातडी फाटणार. तुमचं रक्त येतंय ते यामुळेच. तेव्हा यापुढचे चार-पाच दिवस काम एकच, खपली मऊ ठेवायची.

त्यासाठी लागतं साधं व्हॅसलीन, बिनवासाचं, बिनरंगाचं. पुदिन्याचं सत्त्व किंवा कापूर घातलेले, ओठांना गार गार वाटायला लावणारे बाम नकोत, ते उघड्या जागेवर झोंबतात. हात साबणाने धुवा. स्वच्छ कापसाचा बोळा किंवा मऊ फडका कोमट पाण्यात भिजवून, पिळून, खपलीवर पाच मिनिटं नुसता टेकवून ठेवा. चोळू नका. टूथपेस्टचे पांढरे कण अजून चिकटलेले असतील तर ते यात भिजून सुटतील. जे सुटणार नाहीत ते आजच्यापुरते राहू द्या, उद्या पुन्हा भिजवा. मग टिपून कोरडं करा आणि कान साफ करायची कापसाची काडी व्हॅसलीनमध्ये बुडवून खपलीवर आणि तिच्या कडेच्या कातडीवर पातळ थर द्या. खपली चमकली पाहिजे, व्हॅसलीन ओघळायला नको. वापरलेली काडी पुन्हा डबीत बुडवायची नाही. आणखी हवं असेल तर नवी काडी घ्या, नाहीतर ओठावरचा विषाणू डबीत जातो आणि मग ती डबी घरात कोणीतरी वापरतं. काडी टाकून द्या आणि परत हात धुवा. दात घासल्यावर, जेवल्यावर, झोपताना, आणि मधे ओठ ओढल्यासारखा वाटला की असं करायचं. दिवसातून किती वेळा याचा हिशेब ठेवू नका, खपली वाळू द्यायची नाही एवढंच बघा.

चिरून रक्त आलंच तर स्वच्छ कापड दोन-चार मिनिटं दाबून धरा आणि थांबल्यावर व्हॅसलीन लावा. घास लहान घ्या. आंबट, खारट, तिखट ओठाला लागू देऊ नका, कारण ते झोंबलं की माणूस नकळत ओठ चाटतो. चाटण्याने ओठ आणखी कोरडा पडतो आणि खपली आणखी ताणते. पाणी मात्र भरपूर प्या. ठणका असेल तर बर्फ कापडात गुंडाळून पाच-दहा मिनिटं लावा, नुसता बर्फ थेट ओठावर नको. पॅरासिटामॉल तुम्हाला चालत असेल तर तेही घ्यायला हरकत नाही. जेवणाआधी फारच दुखत असेल तर लिडोकेनचं बधिर करणारं जेल मिळतं. पण पाचव्या दिवशी बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

फोडांवर चिकटवायच्या बारीक पारदर्शक पट्ट्याही मिळतात, हायड्रोकोलॉइडच्या. ज्यांचा हात खपलीवर गेल्याशिवाय राहत नाही त्यांना मी त्या आवर्जून सांगतो, कारण ओलावा टिकतो आणि बोट अडतं. फक्त व्हॅसलीनवर त्या चिकटत नाहीत, म्हणून दोन्हीतलं एकच निवडा. आणि काढताना आधी ओली करून सोडवा, खेचलीत तर खपली तिच्याबरोबर येईल.

आता तुम्ही लावलेल्या तीन गोष्टींबद्दल. टूथपेस्टने पुटकुळ्या वाळतात असं सांगणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं. वाळतं खरं, पण ती फेस आणणाऱ्या रसायनांनी आणि चवीच्या तेलांनी केलेली जळजळ असते. विषाणूला तिचं सोयरसुतक नाही. स्पिरिटचंही तसंच. धडधाकट कातडीवर ते जंतू मारतं, उघड्या जखमेवर जखम भरणाऱ्या पेशींनाही भाजतं. आणि ज्या विषाणूला मारायला तुम्ही निघाला होतात तो तेव्हा पेशींच्या आत बसलेला असतो, तिथे बोळा पोचत नाही. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे औषध लागू पडलं, हा समज आपल्यात फार खोल रुजलेला आहे. न झोंबणाऱ्या औषधावर लोकांचा विश्वासच बसत नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकली, ते खाज-गजकर्णाचं मलम. ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. गजकर्णावर आपण होऊन लावायलाही ते वाईटच, पण जर मुतलेल्या ओठावर त्याहून वाईट. तिथली लाली आणि सूज म्हणजे तुमच्या शरीराने विषाणूशी मांडलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाई थंड करतं, सूज उतरते, आपल्याला वाटतं बरं वाटलं, आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. या वेळी तुम्हाला जास्त झालंय त्यात या मलमाचा हात असू शकतो. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या जोडीला सौम्य स्टेरॉइड घालून केलेलं एक क्रीम आहे, पण तिथे विषाणू रोखणारं औषध बरोबर असतं आणि ते डॉक्टर बघून देतात. तुमची ट्यूब त्यात मोडत नाही. ती ओठापासून लांब ठेवा.

मग अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम आज आणायचं का? वाचकांना हे ऐकायला आवडत नाही, पण पाचव्या दिवशी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. हे औषध मोठं हुशार आहे. ते विषाणू शिरलेल्या पेशीतच जागं होतं, कारण त्याला जागं करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, विषाणूच घेऊन येतो. मग ते त्याच्या नव्या प्रती निघण्याचं काम मधेच तोडतं. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण प्रती निघण्याचा सगळा धुमाकूळ पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरकतो. आता तुमच्या ओठावर डागडुजी चालू आहे, आणि डागडुजीला हे औषध मदत करत नाही. वेळेत, म्हणजे चुरचुर सुरू होताच, लावलं तरी मलमाने सरासरी अर्धा ते एक दिवस वाचतो. पोटात घ्यायच्या गोळ्यांनी साधारण एक दिवस. जाहिरातीत ओठ एका रात्रीत गुळगुळीत होतो, प्रत्यक्षात तो सात-आठ दिवसच घेतो.

मधाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी तुम्हाला सांगणारच. न्यूझीलंडमध्ये औषधांच्या दुकानांमधून साडेनऊशेच्या आसपास लोकांवर एक चाचणी झाली आणि ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना अ‍ॅसायक्लोव्हिरचं ५ टक्के क्रीम, निम्म्यांना कानुका झाडाच्या फुलांपासून केलेलं, वैद्यकीय वापरासाठी शुद्ध केलेलं मधाचं मलम. बरं व्हायला दोघांनाही आठ-नऊ दिवस लागले, फरक म्हणण्यासारखा निघाला नाही. मधवाले यावर खूश होतात. मला त्यातून क्रीमचा पराक्रम किती बेताचा आहे तेवढं दिसतं. घरातला मध लावलात तर बिघडणार नाही, पण तो गोड असल्यामुळे तुम्ही दिवसभर ओठ चाटत बसाल. लायसिनच्या गोळ्यांचंही नाव निघतं, त्यांचा पुरावा अगदीच लेचापेचा आहे.

आता रविवार.

जाऊ नका. तुमच्या पत्रात अनेक प्रश्न आहेत आणि बहुतेकांना मी "असं केलं तर चालेल, तसं केलं तर बरं" असं उत्तर देऊ शकतो. इथे नाही. मोठ्या माणसाला ओठाचा जर म्हणजे आठवडाभराचा वैताग. तीन आठवड्यांच्या बाळाला तोच विषाणू लागला तर तो कातडीवर थांबेलच असं नाही. यकृतात, फुप्फुसात, मेंदूत पसरू शकतो, आणि उपचार मिळूनही बाळ दगावू शकतं किंवा कायमचं अपंगत्व येऊ शकतं. असं क्वचित होतं, पण होतं ते बाळाच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत, कारण तोपर्यंत त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. आईकडून आलेली प्रतिपिंडं थोडं संरक्षण देतात, पण तुमच्या बहिणीच्या अंगात ती आहेत की नाहीत हे तिलाही ठाऊक नसणार. त्या भरवशावर जाण्यात अर्थ नाही.

लागण होते ती मुख्यतः पाप्यामुळे, आणि ओठाला लागलेल्या हातामुळे. तुम्ही म्हणाल, मी पापा घेणारच नाही. पण बाळ मांडीवर आलं की माणसाचं तोंड आपसूक त्याच्या कपाळाकडे जातं, आणि हात खपलीकडे किती वेळा जातो ते तुम्ही आज मोजून बघा. खपली पडून खालची कातडी अखंड, कोरडी दिसेपर्यंत थांबा. म्हणजे बहुधा आणखी एक आठवडा. भाची तेव्हाही तुमचीच असेल. आणि ओठ साफ असतानाही हा विषाणू अधूनमधून लाळेत उतरतो, म्हणून एरवी तुमच्या ओठावर काही नसलं तरी तान्ह्या बाळाच्या तोंडाचा, हाताचा पापा घेऊ नका. हा नियम घरी येणाऱ्या सगळ्यांनाच लावा असं बहिणीला सांगा. वाईटपणा माझ्या माथी मारा, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

उद्या काही कारणाने एका घरात राहायची वेळ आलीच, तर ओठ पूर्ण झाकणारा मास्क, बाळाच्या जवळ जाण्याआधी साबणाने हात, आणि उचलून घेणं नाही. स्वतःच्या बाळाला पाजणाऱ्या आईच्या ओठावर जर मुतला तर तिने पाजणं थांबवायची गरज नसते, स्तनावर फोड नसले म्हणजे झालं. मास्क आणि हात धुणं पुरतं. आणि कोणत्याही तान्ह्या बाळाच्या अंगावर पुटकुळ्या दिसल्या, ताप आला, ते नीट पीत नसेल, मलूल वाटत असेल किंवा झटके आले, तर घरी काही लावत न बसता ताबडतोब दवाखाना गाठायचा आणि "घरात ओठाचा जर असलेलं कोणी होतं" हे आपण होऊन सांगायचं. हे वाक्य फार मोलाचं आहे, डॉक्टरांचे काही तास वाचतात.

राहता राहिली ती घरातली शांतता. पुढचा परिच्छेद नवऱ्याला वाचायला द्या.

ओठावरचा जर हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच आहे, त्यात शोधणाऱ्याचं काही चुकलं नाही. पण त्याचे दोन प्रकार आहेत. ओठावर येणारा बहुतेक वेळा पहिला प्रकार असतो, आणि तो बहुतेकांना लहानपणीच मिळतो. कोणा मावशीने, आजोबांनी गालाचा पापा घेतला, एका पेल्यातून दोघं प्यायले, झालं. जगात पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना कधी एक पुटकुळीही येत नाही, म्हणून त्यांना पत्ता नसतो. एकदा शिरला की तो चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या एका गाठीत, कवटीच्या आत जाऊन झोपतो आणि जन्मभर तिथेच राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, मनावरचा ताण, दाताचं काम यांपैकी काहीतरी त्याला उठवतं, आणि तो त्याच तंतूवरून ओठापर्यंत उतरतो. म्हणूनच जर दर वेळी जवळपास त्याच जागी मुततो. तुमच्या बायकोला दोन दिवस ताप होता, एवढं कारण पुरे आहे. तिने काय केलं, कोणाला भेटली, याच्याशी या फोडाचा काही संबंध लावता येत नाही. तुमच्या स्वतःच्या अंगात तो विषाणू आधीच असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे.

आता दोघांसाठी, न लाजता. कातडी पूर्ण भरेपर्यंत चुंबन नको, आणि मुखमैथुन तर अजिबात नको, कारण ओठावरचा हाच विषाणू जननेंद्रियांवर जाऊन तिथे फोड आणू शकतो. टॉवेल, पेला, दाढीचं पातं वेगळं. ताटवाट्या नेहमीसारख्या साबणाने घासल्या की झालं, वेगळी ताटं मांडून कोणाला अस्पृश्य करायचं काही कारण नाही.

तुमच्यासाठी आणखी एक, आणि यात हयगय नको. खपलीला लागलेला हात डोळ्याला लावू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर जर असेपर्यंत चष्मा घाला, आणि लेन्स थुंकीने ओली करायची सवय असेल तर ती एरवीही सोडा. हा विषाणू बुबुळावर गेला तर व्रण पडतो आणि नजर जाऊ शकते. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरातले जुने थेंब घालू नका, त्यातही स्टेरॉइड असू शकतं.

ओठापुरतं बोलायचं तर दोन आठवड्यांत भरला नाही, फोड पसरत चालले, किंवा आजूबाजूला लाल, गरम, पुवाळलेलं दिसू लागलं तर दाखवून घ्या. तुम्ही "पिवळट खपली" लिहिलंय म्हणून मी जरा थबकलो. सुकलेल्या लसेची खपली पिवळसर असतेच. पण ती मधासारखी चिकट होऊन नाकाखाली, हनुवटीवर नव्या ठिकाणी दिसू लागली तर जिवाणूंचा संसर्ग वर चढलाय, त्याला वेगळं औषध लागतं. इसब असलेल्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या माणसाने तर पहिल्याच दिवशी जावं, वाट बघू नये. आणि ज्यांचं मुळात वेगळंच काही असतं ते अनेकदा यात घोळ करतात. तोंड आलं की आत, गालाला किंवा जिभेला पांढरट छाले येतात, ते कोणाला लागत नाहीत. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडतात त्यामागे बुरशी, लाळ साचणं किंवा लोहाची कमतरता असते. यांपैकी कशालाच अ‍ॅसायक्लोव्हिर लागू पडत नाही.

तुम्हाला वर्षातून दोन-तीनदा होतं, तेव्हा पुढची खेप येणार हे धरून चला. तुमची खरी संधी ती पहिल्या दिवसाची चुरचुर आहे, जिच्याकडे या वेळी तुम्ही काणाडोळा केलात. हा ओठ बरा झाल्यावर सवडीने डॉक्टरांकडे जा आणि व्हॅलासायक्लोव्हिरची, म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिरच्याच जातीच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांची, चिठ्ठी आधीच लिहून घ्या. ओठाच्या जराला मोठ्यांसाठी नेहमी दिला जाणारा डोस म्हणजे २ ग्रॅम, आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. एका दिवसात संपलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील किंवा दुसरी औषधं चालू असतील तर हिशेब बदलतो, म्हणूनच चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्यायची, माझ्या सदरातून नाही. गोळ्या पर्समध्ये ठेवा. चुरचुर रात्री अकराला सुरू होते आणि तेव्हा दुकान बंद असतं. गोळ्या नको असतील तर अ‍ॅसायक्लोव्हिरचं क्रीम जवळ बाळगा, दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस, आणि पहिला हात चुरचुरीच्या पहिल्या तासात. वर्षातून सहा-सहा वेळा होऊ लागलं तर रोज एक गोळी काही महिने घेण्याचा मार्गही आहे, पण तुम्ही अजून तिथे पोचलेल्या नाहीत. उन्हात जाताना ओठांना एसपीएफ ३० असलेला बाम लावा. ज्यांचा जर उन्हाने उठतो त्यांना याने खराच फरक पडतो.

लिपस्टिक. खपली पडेपर्यंत नको. रंग चिरेत भरतो, पुसताना खपली निघते, आणि फोटोत ते आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. या पाच दिवसांत जी कांडी ओठाला लागली असेल ती टाकून द्या, आणि चुकूनही बहिणीला वापरायला देऊ नका. फोटो अगदीच टळत नसेल तर ती बारीक पारदर्शक पट्टी लावून काढा, दोन हातांवरून कोणाच्या लक्षातही येत नाही.